भिंतीवरचा पाऊस : हिरोशिगेचा पूल, एक फ्रेमवाला आणि सासूबाई

जुईचा_वेल

मंडळी, नणंद टोकियोहून आली तेव्हा नळकांड्यात गुंडाळून एक चित्र घेऊन आली. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं. लाकडी पूल, खाली निळी नदी, वर काळं आभाळ आणि अख्ख्या कागदावर वरपासून खालपर्यंत पावसाच्या बारीक रेघा. पुलावर माणसं लगबगीने चाललीयेत, कुणी छत्रीत, कुणी डोक्यावर काहीबाही ओढून. नदीत एक जण तराफा घेऊन निघालाय. तो मात्र घाईत नाही. जाणार कुठे बिचारा?

पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडे टाकलं. आठ दिवसांनी आणायला गेले, तर त्याने चारी बाजूंचा पांढरा समास कापून टाकलेला! "कडा वाकड्या होत्या ताई, सरळ केल्या." वर कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघतोय.

आता दोन प्रश्न.

१) नणंद म्हणते हे लाकडी ठशांनी छापलेलं आहे. समास गेल्याने किती नुकसान झालं?

२) चित्राचं जपानी नाव 'ओहाशी अताके नो युदाची'. युदाची म्हणजे अचानक येणारी संध्याकाळची सर. मी म्हटलं, वळीव. सासूबाई (माहेर वाईचं) म्हणाल्या, "हा वळीव नव्हे." का, ते सांगत नाहीत. "नीट बघ" एवढंच.

दगडफूल

समास कापला?? त्या फ्रेमवाल्याला त्याच पुलावरून ढकला.

रेघोट्या

वाचूनच पोटात गोळा आला. जुई, या मालिकेत डाव्या समासात प्रकाशकाचा शिक्का असतो. प्रकाशक उओया एइकिची. 'उओया' म्हणजे मासळीवाला. घराण्याचा धंदा असावा आणि नाव तसंच चिकटलं असावं, आपल्याकडे पोतनीस नि तेली चिकटले तसं. तुमच्या फ्रेमवाल्याने मासळीवाल्याला कापला.

चित्र 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं' या मालिकेतलं आहे. एदो म्हणजे आजचं टोकियो. १८५६ ला काम सुरू झालं, हे चित्र १८५७ चं. शंभर म्हणता म्हणता हिरोशिगेची ११८ झाली, आणि तो गेल्यावर शिष्याने एक केलं. हिशेबाच्या बाबतीत चित्रकार सगळीकडे सारखेच.

आबा_माणदेशी

सासूबाईंशी सहमत. वळीव म्हणजे आधी धुळीचं वावटळ, मग पत्रे उडणार, विजा, मग टपोरे थेंब, नशिबात असेल तर गारा. मातीचा वास. चित्रात धूळ कुठाय?

कडबोळं

आबा, पुलावर आणि नदीवर धूळ कुठून आणायची? अर्धं चित्र पाण्याने भरलंय.

आबा_माणदेशी

पुलावर माणदेशातून येते. तुम्ही चिंता करू नका.

निशिकासाईकर

मी टोकियोत या पुलापासून मेट्रोच्या दोन-चार स्टेशनांवर राहतो (आमच्या भागात निम्मी लिफ्ट मराठीत बोलते), म्हणून दोन शब्द.

पुलाचं नाव शिन-ओहाशी, नवा मोठा पूल. 'नवा' अशासाठी की १६९३ ला बांधला तेव्हा सुमिदा नदीवर आधीचा मोठा पूल होताच. बाशो हा कवी जवळच राहायचा. नव्या पुलावरच्या गोठलेल्या दंवावर पाय ठेवताना कृतज्ञता वाटते अशा अर्थाचं त्याचं एक हायकू आहे. समोरचा धूसर काठ अताके. शोगुनाचं (जपानच्या लष्करी सत्ताधीशाचं) 'अताकेमारू' नावाचं प्रचंड जहाज तिथे नांगरून असायचं, ते मोडीत निघालं तरी नाव राहिलं. म्हणजे चित्राच्या नावात जे जहाज आहे ते चित्रात नाहीच.

लाकडी पूल अर्थातच उरला नाही. १९१२ ला लोखंडी झाला. १९२३ च्या भूकंपात आजूबाजूचं जळालं तेव्हा तो टिकला, त्यावर माणसं वाचली, म्हणून लोक त्याला माणसं तारणारा पूल म्हणत. आता आहे तो १९७७ चा, पिवळ्या खांबाचा, तारांवर तोललेला. पाऊस आला तर आडोसा तेव्हाही नव्हता, आताही नाही. अनुभवाचे बोल.

इरलं

माझ्या आयडीचं सार्थक करायची संधी आली. तराफ्यावरच्या माणसाच्या अंगावर जे आहे ना, ते 'मिनो', गवताचं पावसाळी पांघरूण. आमच्या कोकणात लावणीला बायका पाठीवर इरलं घ्यायच्या, बांबूच्या कामट्या आणि पानं. आकार वेगळा, पण हिशेब तोच: दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. छत्री रिकामटेकड्यांची. तराफा वल्हवायचाय त्याला छत्री काय कामाची?

आणि डोक्यावर काहीतरी ओढून चाललेला माणूस बघितला की मला गोणपाटाची खोळ आठवते. एका कोपऱ्यात दुसरा कोपरा खुपसला की झाला रेनकोट. शाळेत जाताना आम्ही सगळे तसेच. वास मात्र ओल्या तागाचा, दिवसभर.

मिसळ_कांदा

खोळ! किती वर्षांनी वाचला हा शब्द. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कडबोळं

मला वेगळाच प्रश्न पडलाय. पाऊस रेघांसारखा दिसतो हे आपण गृहीत धरतो, पण थेंब तर गोल. (अश्रूच्या आकाराचाही नसतो, मोठा थेंब खालून चपटा होतो, तव्यावरच्या पुरणाच्या उंड्यासारखा.)

हिशेब करा. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो. डोळा जे दिसतं ते सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागाएवढा वेळ एकत्र धरतो. तेवढ्यात थेंब ४५ सेंटिमीटर खाली आलेला असतो. म्हणजे हातभर रेघ. मोबाइलने पावसाचा फोटो काढा, शटर मंद असेल तर रेघा, वेगवान असेल तर हवेत टांगलेले मणी. १८५७ ला हा माणूस शटर मंद ठेवून बसला होता असं समजा.

शाईचोर

पहाडी लघुचित्रांतही पाऊस पांढऱ्या रेघांनी, कधी मोत्यांसारख्या ठिपक्यांनी दाखवतात. तेव्हा हिरोशिगेनेच शोध लावला असं कुणी म्हणू नये. फरक असा की आपल्याकडच्या चित्रात पाऊस नायिकेसाठी पडतो. इथे नायिकाच नाही. कुणाचाच चेहरा दिसत नाही, छत्र्या आणि उघड्या पोटऱ्या तेवढ्या.

रेघोट्या

कडबोळं, शटर वगैरे ठीक, पण ही रेघ लाकडात येते कशी ते ऐका. मी उपयोजित कला शिकत असताना लिनोवर (ठसे कोरायच्या मऊ लिनोलियमवर) पाऊस कोरायचा प्रयत्न केला होता. पोरखेळ वाटला. लिनोत खाच पाडली की पांढरी रेघ मिळते. पण काळी रेघ हवी असेल तर रेघ कोरायची नसते, रेघ *सोडायची* असते. दोन्ही बाजूंचं सगळं लाकूड काढून केसाएवढा बांध उभा ठेवायचा. असे शेकडो बांध, एकमेकांना जवळपास समांतर, टोकाला निमुळते. एक तुटला की गेलं. माझे सात तुटले. आठव्यापर्यंत गेलोच नाही.

आणि या चित्रात पावसाला दोन ठसे आहेत. दोन्हींतल्या रेघांचा कोन किंचित वेगळा, रंगाची छटाही वेगळी. म्हणून पाऊस सपाट पडद्यासारखा न दिसता जवळचा आणि लांबचा दिसतो. घरी असेल तर जवळ जाऊन पहा, रेघा एकमेकींना अगदी बारीक कोनात कापतात.

पद्धत अशी: हिरोशिगे पातळ कागदावर रेखाटन करणार. तो कागद चेरीच्या फळीवर *उलटा* चिकटवायचा, आणि कोरक्या त्यातूनच कोरणार. म्हणजे मूळ रेखाटन त्यातच संपतं. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात खूण कोरलेली असते, तिला 'केंतो' म्हणतात. छापणारा कागद फळीवर ठेवून वरून 'बारेन' नावाच्या गोल चकतीने घासतो. यंत्र नाही, दाब हाताचा.

आभाळातला काळा ढग तर कोरलेलाच नसतो. छापणारा ओल्या फळीवर शाई ब्रशने अशी पसरतो की ती कडेला विरत जावी. त्याला 'बोकाशी'. ढगाला ठरलेला आकार नसल्याने प्रत्येक प्रतीत ढग थोडा वेगळा. नंतरच्या काही प्रतींत छापणाऱ्यांनी कंटाळा केला, ढगाच्या जागी वर नुसती सरळ काळी पट्टी मारलीय.

दगडफूल

मग हे चित्र हिरोशिगेचं कसं? कोरलं एकाने, छापलं दुसऱ्याने, पैसे मासळीवाल्याचे. नाव मात्र 'हिरोशिगे'.

शाईचोर

घर बांधलं कुणी म्हटल्यावर तुम्ही गवंड्याचं नाव सांगता का?

दगडफूल

आमच्या गावात सांगतात. आणि सुतार कोण होता तेही. हलके घ्या, पण मुद्दा सोडत नाही. ज्या पावसाचं आपण इतकं कौतुक करतोय तो कोरक्याचा आहे. हिरोशिगेने ब्रशने सुळकन रेघा ओढल्या असतील, पाच मिनिटांत. त्या माणसाने किती दिवस श्वास रोखून धरला असेल?

रेघोट्या

दगडफूलशी निम्मा सहमत. कोरक्याचा हात ग्रेट. पण काठ तिरका ठेवायचा, माणसं इतकी लहान करायची, सगळी जागा पावसाला द्यायची, हे ठरवणारा एकच.

पुस्तकी_किडा

अवांतर, पण रवि वर्मा प्रेसची आठवण झाली. मुंबईत सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे लाकूड नव्हे, दगड, पण तत्त्व तेच: एका रंगाला एक दगड. आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच छापाची होती. आम्ही म्हणायचो 'रवि वर्म्याची लक्ष्मी', दगडावर रंग चढवणारे कोण ते कुणी विचारलं नाही.

किमतीचंही तेच. ही जपानी चित्रं तेव्हा सोबा नूडल्सच्या एखाद-दोन वाडग्यांच्या भावात मिळायची म्हणतात. रोजच्या माणसाने विकत घ्यायची वस्तू. आज काचेआड.

मिसळ_कांदा

म्हणजे दोन मिसळींत एक हिरोशिगे. गेले ते दिवस.

फिरस्ता_न्यूजर्सी

ब्रुकलिन म्युझियमकडे या मालिकेचा पूर्ण संच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सगळा मांडला होता, मी दोनदा गेलो. आकार पाहून धक्का बसला. वहीच्या दुप्पट पानाएवढं, साधारण ३६ बाय २५ सेंटिमीटर. स्क्रीनवर पूल केवढा वाटतो!

व्हॅन गॉगने १८८७ ला याची तैलरंगात नक्कल केली, ती अ‍ॅम्स्टरडॅमला आहे. त्याने भोवती चौकट काढून त्यात दुसऱ्या चित्रांतली जपानी अक्षरं उतरवून भरली. वाचता येत नव्हती, शोभेला. आपल्याकडे टीशर्टवर 'न्यूयॉर्क' असतं तसं. पाणीही हिरवट केलं. माझं मत: पाऊस त्याला जमला नाही. तैलरंगाला वजन आहे, पावसाला नको.

शाईचोर

व्हॅन गॉगला नापास केलं! आज धागा पेटणार.

निशिकासाईकर

पेटला तर विझवायला हिरोशिगे आहेच. तो घराण्याने अग्निशामक दलातला. जन्म १७९७. आई-वडील एकाच वर्षी गेले आणि तेराव्या वर्षाच्या आसपास एदोच्या किल्ल्याच्या अग्निशामक तुकडीतली वडिलांची जागा त्याच्याकडे आली. एदो म्हणजे लाकूड आणि कागदाचं शहर, आगी रोजच्याच. तरी उरलेल्या वेळात तोयोहिरोकडे चित्रकला शिकला.

आबा_माणदेशी

आता कळलं पाऊस का आवडायचा ते. फुकटचा बंब.

इरलं

मला मात्र याच्यापेक्षा त्याच्या तोकाइदो (एदो ते क्योटो रस्ता) मालिकेतली शोनो मुक्कामाची सर जास्त आवडते. १८३३-३४ ची. चढावर पालखीवाले, मागे वाऱ्याने झुकलेली झाडांची करडी रांग, एकामागे एक तीन पडदे. त्या पावसाला 'हाकुउ' म्हणतात, पांढरा पाऊस. पालखीवर काहीतरी घाईने टाकलंय, आतल्या माणसाचा हात तेवढा... की माझा भास? असो. कोकणात घाट चढताना आडवा पाऊस तोंडावर बसतो तसा आहे तो. ओहाशीचा पाऊस सभ्य आहे, सरळ पडतो.

रेघोट्या

आणि त्याच्याच 'ओमीची आठ दृश्यं' मालिकेतला कारासाकीचा रात्रीचा पाऊस? एकच प्रचंड पाइन वृक्ष आणि त्यावर उभा पाऊस. बाकी काहीच नाही. तो बघितल्यावर तुम्ही शोनो विसराल.

जुईचा_वेल

मंडळी, धागा भलताच फुलला, पण माझे दोन्ही प्रश्न तराफ्यावरून वाहून गेले. मूळ मुद्दा! खरंखोटं कसं ओळखायचं?

रेघोट्या

सॉरी सॉरी. फ्रेममधून काढा आणि *उलटं* करा. हाताने छापलेलं असेल तर शाई कागदात मुरून मागे उमटलेली दिसेल, निळा तर नक्कीच, आणि बारेन घासल्याच्या गोलसर खुणा. शिवाय अदाचीसारख्या संस्था आजही टोकियोत नव्या फळ्या कोरून हाताने प्रती काढतात. म्हणजे आजची असूनही खरी ठशाची असू शकते.

जुईचा_वेल

काढली. मागे काही दिसत नाही. त्याने अख्खं चित्र पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवलंय.

दगडफूल

पूल कुठाय? मी निघालो.

फिरस्ता_न्यूजर्सी

हे वाचून रडू आलं. अशा कागदाला वरून दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्या लावून टांगतात, बास. डिंक म्हणजे गुन्हा.

पुस्तकी_किडा

त्याला उभा करा ग्राहक न्यायालयात. मी साक्षीला येतो.

कडबोळं

थांबा, भिंग आहे का घरात? आभाळाचा भाग बघा, जिथे काळा निळ्यात विरतो. हाताची छपाई असेल तर रंग सलग दिसेल, कदाचित लाकडाचे रेषे. यंत्राची असेल तर ठिपके दिसतील, निळे, गुलाबी, पिवळे, काळे.

जुईचा_वेल

मुलाचं तिकिटं बघायचं भिंग आणलं.

ठिपके.

सगळीकडे ठिपके. पुलावरच्या माणसांच्या पोटऱ्यांत गुलाबी ठिपके. पावसाच्या रेघासुद्धा ठिपक्यांच्या. नणंदेला फोन केला. ती म्हणते, "मी प्रिंट म्हणाले होते, वुडब्लॉक तूच म्हणालीस. म्युझियमच्या दुकानातून घेतलं, पोस्टरच आहे ते."

दगडफूल

...

मिसळ_कांदा

म्हणजे गेले तीन दिवस आपण एका पोस्टरच्या समासासाठी एका गरीब माणसाला नदीत ढकलत होतो.

पुस्तकी_किडा

माझी साक्ष मागे घेतो. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

इरलं

त्याला एक फोन करून बरं वाटेल असं काहीतरी बोला हो. कडा खरंच सरळ केल्यात त्याने.

आबा_माणदेशी

पण दुसऱ्या प्रश्नाचं काय? सासूबाईंना विचारा. मला वळवाचा निकाल हवाय.

निशिकासाईकर

एक माहिती देतो, निकाल तुम्ही लावा. जपानात आधी 'त्सुयु', म्हणजे जून-जुलैची रिपरिप, आपल्या पावसाळ्याच्या जवळची. ती संपली की कडक ऊन, आणि मग दुपारनंतर ढग दाटून युदाची. गडगडाट असतोच. म्हणजे स्वभाव वळवाचा, पण वेळ उलटी. आपला वळीव पावसाळ्याआधी येतो, युदाची त्सुयु उलटल्यावर. मालिकेची मांडणी ऋतूंप्रमाणे आहे, त्यात हे चित्र उन्हाळ्यात धरतात. शिक्का मात्र त्यांच्या नवव्या महिन्याचा.

शाईचोर

शिक्का परवानगीचा असतो, पावसाचा नव्हे. तपासनिसाने कधी मंजूर केलं ते कळतं.

कडबोळं

श्रावणसर?

इरलं

श्रावणसरीत ऊन हवं. इथे आभाळ काळंकुट्ट आहे.

जुईचा_वेल

विचारलं. जेवणं झाल्यावर चित्रासमोर उभ्या केल्या. (डिंकासकट पुन्हा टांगलंय, पोस्टर तर पोस्टर.) तुमचा सगळा धागा वाचून दाखवला, थेंबाचा वेग सुद्धा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"तुम्ही सगळे वर बघताय. नदी बघा ना. काठोकाठ भरलीये, आणि निळी आहे. वळवाच्या दिवसांत कृष्णेत पाणी असायचं का? धोंडे उघडे पडलेले. आणि ऐन पावसाळ्यात पाणी भरलं तरी तांबडं. हिचा गाळ बसलाय. म्हणजे मोठा पाऊस होऊन गेलाय, आता मागून आलाय हा. हस्ताचा. आम्ही हादगा खेळायला लागलो की नेमका चारला यायचा, पाटावरचा हत्ती आत घेईपर्यंत भिजवायचा."

आबा_माणदेशी

साष्टांग नमस्कार सांगा. हस्ताचाच.

रेघोट्या

दहा वर्षं हे चित्र बघतोय, नदीच्या पाण्याचा असा विचार केला नव्हता. आम्ही त्या निळ्याकडे फक्त 'बेरो-आइ', म्हणजे बर्लिनचा निळा, म्हणून बघायचो. त्या काळात स्वस्त झाला म्हणून सगळे वापरायचे.

निशिकासाईकर

एक सांगू का? सुमिदाला भरतीचं पाणी येतं, ती बाराही महिने भरलेलीच असते.

पण हे सासूबाईंना वाचून दाखवू नका.